शिवारगाडीच्या इंजिनाचा ऑईल दाब का पडतो?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कृषिविद्या शिकविणारा माणूस आज इंजिनाविषयी काय बोलणार, अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु काम वेळेवर होणे हा कृषिविद्येचा पहिला धडा आहे, आणि ही वेळ आता बऱ्याच ठिकाणी बैलांच्या नव्हे, तर इंजिनाच्या हाती गेली आहे. खरिपात ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत वापसा आला म्हणजे पेरणी करावी, अशी आपली शिफारस आहे. हा वापसा कोणासाठी थांबत नाही. पुन्हा झड लागते किंवा जमीन सुकू लागते. कोरडवाहू रब्बी ज्वारीला तर १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर एवढाच काळ मिळतो. नेमक्या या दिवसांत बी, खत, पाणी आणि औषधे शेतावर नेणारी गाडी इंजिन जाम होऊन पडली, तर नुकसान नुसते इंजिनाचे होत नाही, हंगामाचे होते.

आपल्याकडे हौशी आणि हुशार शेतकरी जुन्या जीपच्या चासीवर दुसऱ्याच गाडीचे किंवा ट्रॅक्टरचे जुने डिझेल इंजिन बसवून घरीच शिवारगाडी तयार करतात. गावातला वेल्डर, लेथवाला आणि ओळखीचा मेस्त्री यांच्या मदतीने हे काम होते. शेतकऱ्याच्या अशा कल्पकतेला कमी लेखण्याचे कारण नाही. गुजरातमधील अमरेली जिल्ह्याच्या मनसुखभाई जगानी यांनी १९९० च्या दशकात मोटारसायकलला मागे औजार जोडून 'बुलेट सांती' तयार केली आणि ती पुढे देशभर नावाजली गेली. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. अशी गाडी आपल्या शिवारात चालविणे वेगळे आणि सार्वजनिक रस्त्यावर आणणे वेगळे. घरी बांधलेले 'जुगाड' वाहनही मोटार वाहन कायद्याच्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदणी आणि विमा नसताना अशी गाडी रस्त्यावर आणू नये, आणि तिच्यात माणसे तर मुळीच बसवू नयेत.

आता मुख्य विषयाकडे वळू. अशा गाड्यांची जी इंजिने अकाली निकामी होतात, त्यांत ऑईलचा दाब पडणे हे एक मोठे कारण आहे. दाब पडला की मेस्त्री म्हणतो, "बेअरिंगं गेली, इंजिन उतरवा." काही वेळा ते खरेही असते. परंतु घरी बांधलेल्या गाडीत दाब पडण्याची निम्मीअधिक कारणे बेअरिंगच्या बाहेर असू शकतात, आणि ती तुम्हाला स्वतःला तपासता येतात. कोणत्या क्रमाने तपासावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

ठिबकवरून दाब समजून घ्या

तुमच्यापैकी अनेकांकडे ठिबक संच आहे. त्यावर लावलेला प्रेशर गेज आठवा. पंप पाणी पुढे ढकलतो. त्या पाण्याला ड्रीपरच्या बारीक वाटेतून जाताना जो अडथळा होतो, त्यामुळे नळीत दाब तयार होतो. एखाद्या लॅटरलचे शेवटचे टोक उघडे राहिले, तर पंप तोच असूनही गेजचा काटा खाली येतो. फुटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ अडकले, तरी काटा खालीच येतो. बायपास व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला, तरी तेच होते. काटा प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगतो, कारण मात्र प्रत्येक वेळी वेगळे असते.

इंजिनातही हुबेहूब हीच रचना आहे. खालचे ऑईल चेंबर ही विहीर. त्यात बुडालेली जाळी हा फुटव्हॉल्व्ह. दात्यांचा ऑईल पंप हा पंप. रिलीफ व्हॉल्व्ह हा बायपास. फिल्टर हा फिल्टरच. ब्लॉकमधून गेलेली गॅलरी ही मेनलाईन, क्रँकमधील छिद्रे या लॅटरल, आणि क्रँक व बेअरिंग यांच्यामधील बारीक फट हा ड्रीपर.

हे एकदा लक्षात आले, की दाब पडण्याची कारणे चारच गटांत बसतात:

१) काटा किंवा दिवा खोटे सांगत आहे, दाब ठीक आहे.
२) पंपापर्यंत पुरेसे ऑईल पोहोचत नाही, किंवा ऑईलबरोबर हवा खेचली जाते.
३) पंप झिजला आहे, किंवा रिलीफ व्हॉल्व्हमधून ऑईल परत चेंबरमध्ये पडते.
४) पुढे बेअरिंगची फट वाढल्याने, गॅलरी कुठेतरी उघडी राहिल्याने किंवा ऑईल पातळ झाल्याने ते सहज निसटून जाते.

येथे एक खुलासा करतो. पाणी उपसण्याच्या काही सिंगल सिलिंडर इंजिनांत ऑईल पळीने उडवून वंगण केले जाते. तेथे दाबाचा प्रश्न येत नाही. आजची माहिती ज्या इंजिनांत पंपाने दाबाखाली ऑईल फिरते, त्यांच्यासाठी आहे.

किती दाब असावा?

नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकातच पाहावा. इंजिन जुन्या बाजारातून आणले असेल, तर त्याचा नंबर दाखवून पुस्तक मिळवावे. पुस्तक हाती येईपर्यंत एक ढोबळ अंदाज उपयोगी पडतो. इंजिन गरम असताना दर १००० फेऱ्यांमागे सुमारे ०.७ कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी., म्हणजे मेस्त्रींच्या भाषेत १० पाऊंड दाब असावा. २००० फेऱ्यांना २० पाऊंडांच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब असेल, तर इंजिन बरे आहे असे समजावे.

सकाळी थंड इंजिनात दाब चांगला दिसतो, कारण ऑईल घट्ट असते. त्यावर विसंबू नये. अर्धा-पाऊण तास काम करून इंजिन पूर्ण गरम झाल्यावर जो दाब दिसतो, तोच खरा दाब.

दुसरे असे की डॅशवरच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवू नये. तो बहुधा दाब अर्ध्या कि.ग्रॅ.च्या आसपास किंवा त्याहून खाली गेल्यावरच लागतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. घरी बांधलेल्या गाडीला काट्याचा गेज बसवून घ्यावाच.

काटा पडला की प्रथम काय करावे?

इंजिन ताबडतोब बंद करावे. "वस्तीपर्यंत नेऊ आणि मग बघू" हा विचार करू नये. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑईलचा जो पातळ थर असतो, त्यावर क्रँक तरंगत फिरत असतो. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो, आणि भाराखाली काही मिनिटांतच बेअरिंगचा थर सोलून निघू शकतो. बांधावर गाडी उभी राहिली, तर बैलजोडी किंवा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लावून ओढून आणता येते. त्यात कमीपणा काहीच नाही.

बंद करताना कान देऊन ऐकावे. खालून जड, दबका 'ठक-ठक' आवाज येत असेल, तर पुन्हा चालू करून बघण्याच्या भरीस पडू नये. आवाज काहीच नसेल, तर पुढील पायऱ्या एकेक करून तपासाव्यात. कमी खर्चाची आणि कमी खटपटीची तपासणी आधी, इंजिन उघडण्याची तपासणी शेवटी, असा हा क्रम आहे.

पायरी पहिली: पातळी, रंग आणि वास

गाडी सपाट जागी उभी करून दहा मिनिटे थांबावे आणि डिपस्टिक काढून पाहावी. ऑईल कमी असेल, तर ते कुठे गेले हे शोधावे.

ऑईल खुणेच्या वर आढळले, तर खूश होऊ नये. जास्त भरलेले ऑईल फिरत्या क्रँकला लागून ताकासारखे घुसळते, त्याला फेस येतो, आणि फेस पंपाला नीट ढकलता येत नाही. तुम्ही न भरताच पातळी वाढली असेल, तर बोटावर घेऊन वास घ्यावा. डिझेलचा वास आला, तर फीड पंपाचा पडदा फाटला असेल, नॉझल ठिबकत असेल किंवा डिझेल पंपाचे सील गेले असेल. डिझेल मिसळलेले ऑईल पातळ होते आणि दाब उतरतो. ऑईल दुधी, चहाच्या रंगाचे झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. हेडचे पॅकिंग आणि लायनरखालचे रबर रिंग तपासावेत. या दोन्ही प्रसंगी मूळ दोष दूर केल्याशिवाय नुसते ऑईल बदलू नये.

आता घरी बांधलेल्या गाडीचा खास मुद्दा. डिपस्टिकवरची खूण इंजिन मूळ गाडीत ज्या कलाने बसले होते, त्या कलासाठी असते. तुम्ही ते नव्या चासीवर पुढे-मागे जास्त झुकवून बसविले असेल, तर ती खूण खोटी ठरते. यावर सोपा उपाय आहे. सर्व ऑईल काढून टाकावे आणि फिल्टर बदलावा. पुस्तकात फिल्टरसह जेवढे लिटर दिले आहे, तेवढेच ऑईल मोजून भरावे. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करावे. सपाट जागी दहा मिनिटांनी डिपस्टिक जेथपर्यंत ओली होईल, तेथे कानशीने नवी 'पूर्ण' खूण करावी. 'कमी'ची खूण करण्यासाठी हेच मोजमाप एक लिटर कमी ऑईल भरून आधी घ्यावे, म्हणजे दोन्ही खुणा एकाच बैठकीत होतात.

पायरी दुसरी: काटा खरा की खोटा?

जुळणी करताना सेन्सर एका गाडीचा आणि गेज दुसऱ्या गाडीचा असे पुष्कळदा होते. दोघांचा मेळ नसेल, तर काटा वाटेल ते दाखवितो. एका तारेचा सेन्सर आपली अर्थ आट्यांमधून घेतो. गळती थांबावी म्हणून त्यावर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली, तर अर्थ तुटून काटा चुकतो. लाल दिव्याचेही तसेच आहे. चावी लावल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल, तर बल्ब किंवा तार तुटली आहे. अशा वेळी दाब शून्यावर आला तरी तो दिवा लागणार नाही.

खात्री करण्याचा मार्ग एकच. सेन्सर काढून त्याच जागी थेट ऑईलवर चालणारा साधा मेकॅनिकल गेज लावून पाहावा. असा गेज मेस्त्रीकडे असतो. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक विकत घेतला तरी चालेल. जोडणाऱ्या आट्या जुळत आहेत ना, हे आधी पाहावे. जबरदस्तीने पिळून ब्लॉकच्या आट्या खराब करू नयेत. हा गेज कायमचा बसविणार असाल, तर प्लॅस्टिकची नळी एक्झॉस्टजवळून नेऊ नये. ती वितळली, तर पंप सगळे ऑईल बाहेर फेकतो. तांब्याची नळी घ्यावी आणि थरथरीने तुटू नये म्हणून तिला एक वेढा द्यावा.

पायरी तिसरी: फिल्टर काय सांगतो?

जुन्या फिल्टरचे रबर ब्लॉकला चिकटून राहिले आणि त्यावरच नवा फिल्टर बसविला, तर दोन रबरांमधून ऑईलची पिचकारी उडते. फिल्टर बदलताना हे आवर्जून पाहावे. आट्या बसतात म्हणून कोणताही फिल्टर लावू नये. आतील व्हॉल्व्ह वेगवेगळे असतात. इंजिनाला नेमून दिलेलाच फिल्टर घ्यावा.

काढलेला फिल्टर फेकून देऊ नये, कारण तो इंजिनाचा रक्त तपासणी अहवाल आहे. पत्र्याचा फिल्टर ग्राइंडरने कापू नये, कारण किस आत पडून फसगत होते. डबा कापण्याच्या कटरने तो उघडावा, आतील कागदाच्या घड्या पसराव्यात आणि उन्हात धरून पाहाव्यात. काळपट चिकटा हा नेहमीचाच. पांढरट चमकणारे कण बरेच असतील, तर बेअरिंगचा वरचा थर किंवा पिस्टन झिजतो आहे. तांबूस कण दिसले, तर बेअरिंगचा आतला थर उघडा पडला आहे किंवा बुश झिजले आहे. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे. कागदाच्या घड्या स्वच्छ निघाल्या, तर बेअरिंगवर खर्च करण्यापूर्वी पुढील दोन पायऱ्या नीट तपासाव्यात.

पायरी चौथी: रिलीफ व्हॉल्व्ह

दाब फार वाढू नये म्हणून हा व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर बंद असतो आणि जादा ऑईल परत सोडतो. काही इंजिनांत तो ब्लॉकच्या बाहेरूनच उघडता येतो, काहींत चेंबर उतरवावे लागते. कचऱ्याचा एक कण अडकून तो उघडाच राहिला, तर नवे इंजिनही दाब धरत नाही. प्लंजर काढून डिझेलने धुवावा. स्वच्छ केल्यावर तो आपल्या घरात स्वतःच्या वजनाने सहज सरकला पाहिजे. त्यावर चरे असतील किंवा स्प्रिंग तुटली असेल, तर नवा घालावा.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. काटा वर यावा म्हणून स्प्रिंगमागे वायसर घालतात, किंवा अतिशय घट्ट ऑईल भरतात. त्यामुळे काटा वर येईल, पण झिजलेली फट भरून निघणार नाही. थंडीत सकाळी घट्ट ऑईल बेअरिंगपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ इंजिन कोरडे फिरते. तापाच्या रोग्याचा पारा हाताने खाली ढकलण्यासारखाच हा प्रकार आहे. ऑईलचा ग्रेड पुस्तकात दिलेलाच वापरावा.

पायरी पाचवी: चेंबर, जाळी आणि पंप

घरी बांधलेल्या गाडीत सर्वाधिक दोष मला येथे आढळले आहेत. म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगतो.

दुसऱ्या गाडीचे इंजिन जीपच्या चासीवर बसविताना पुढचा एक्सल चेंबरला लागतो. मग चेंबर कापून, पत्रा लावून वेल्डिंग केले जाते. त्यामुळे चेंबरची खोली बदलते आणि जाळी तळाला टेकते किंवा तळापासून फार उंच राहते. टेकली तर ऑईल आत शिरायला वाट राहत नाही. उंच राहिली तर थोडे ऑईल कमी होताच हवा खेचली जाते. साधारणपणे जाळी आणि तळ यांत ६ ते १० मि.मी. अंतर असावे. ते मोजण्यासाठी जाळीवर कणकेचा गोळा लावावा, पॅकिंगसह चेंबर बसवून चार बोल्ट हलके आवळावेत आणि पुन्हा उतरवावे. दबलेल्या कणकेची जाडी म्हणजे तेथील अंतर. मोजून झाल्यावर कणीक पूर्ण पुसून काढावी.

असा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका तरुण शेतकऱ्याची गाडी सपाट शेतात ३५ पाऊंड दाब दाखवी. भरलेली खताची पोती घेऊन माळावर चढू लागली, की काटा थेट शून्याकडे येई, आणि माथ्यावर पोहोचताच पुन्हा वर जाई. दोन ठिकाणी त्याला क्रँक आणि बेअरिंगचे काम सांगण्यात आले होते. पण बेअरिंग झिजले असते, तर दाब चढावर पडून माथ्यावर परत आला नसता. तो सगळीकडेच कमी दिसला असता. चेंबर उतरविल्यावर कारण सापडले. वेल्डिंगनंतर चेंबरचा खोल भाग मागे गेला होता आणि जाळी पुढेच राहिली होती. चढावर सगळे ऑईल मागे सरके आणि जाळी उघडी पडे. जाळीची नळी मागे वळवून घेतली आणि चेंबरमध्ये ऑईल एकदम सरकू नये म्हणून आडव्या पट्ट्या लावल्या. क्रँक उतरवावा लागला नाही, आणि पुढचे खत वेळेवर शेतात गेले.

यावरून एक सवय लावून घ्यावी. दाब कधी पडतो, हे डायरीत लिहून ठेवावे. त्यातूनच पुष्कळ निदान होते:

• फक्त चढ, उतार किंवा वळणावर पडतो: जाळी उघडी पडते किंवा ऑईल कमी आहे.
• काटा थरथरतो: जाळीच्या नळीच्या जोडातून किंवा तड्यातून हवा खेचली जाते.
• मंद चालीत ठीक, वेग वाढविला की पडतो: जाळी तुंबली आहे.
• थंड असताना ठीक, गरम झाल्यावर मंद चालीत पडतो, वेगात पुन्हा चढतो: बेअरिंग किंवा पंप झिजला आहे, अथवा ऑईल पातळ झाले आहे.
• अचानक शून्य: पंपाची ड्राईव्ह तुटली, व्हॉल्व्ह उघडा अडकला, ऑईल संपले किंवा सेन्सरची तार निघाली.

जाळी तुंबण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पॅकिंगबरोबर सढळ हाताने लावलेले सिलिकॉन. जास्तीचे सिलिकॉन आत सांडते, सुटते आणि जाळीवर जाऊन बसते. लावायचेच तर अगदी पातळ लावावे. वेल्डिंग केलेले चेंबर बसविण्यापूर्वी आतील खरपुडी घासून, डिझेलने धुऊन, पुसून घ्यावे. पंपाचे झाकण उघडून दात्यांवर आणि झाकणावर खोल चरे आहेत का पाहावे, आणि फट फीलर गेजने मोजून पुस्तकाशी ताडावी.

गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये. लोखंडी घोडे किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावावेत. गरम ऑईलने हात भाजतो, म्हणून इंजिन कोमट होऊ द्यावे.

पायरी सहावी: बेअरिंग

वरील सर्व ठीक असेल, तरच बेअरिंगकडे वळावे. येथे एक हिशोब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फटीतून निसटणारे ऑईल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट ०.०५ मि.मी. वरून ०.१० मि.मी. झाली, म्हणजे दुप्पट झाली, तर त्याच दाबाला सुमारे आठपट ऑईल निसटू पाहते. केसाएवढ्या झिजेने दाब का पडतो, याचे उत्तर यात आहे.

कनेक्टिंग रॉड हातात धरून क्रँकवर वर-खाली हलवून पाहावा. बाजूला थोडासा सरकला तर चालते. वर-खाली ठोका जाणवता कामा नये. पुढचे मोजमाप मायक्रोमीटरने कारखान्यातच करून घ्यावे. क्रँकवर नखाला लागणारे चरे असतील किंवा तो अंडाकृती झिजला असेल, तर नुसती नवी बेअरिंगे टाकणे व्यर्थ आहे. क्रँक घासून त्या मापाचीच, म्हणजे मेस्त्री ज्याला दहा, वीस, तीस म्हणतात ती, बेअरिंगे घालावीत.

नुकतेच बांधलेले इंजिन दाब धरत नसेल, तर जुळणीतील दोष आधी पाहावेत. गॅलरी साफ करताना काढलेला प्लग परत बसवायचा राहिला का? बेअरिंगच्या पाकळीचे छिद्र ब्लॉकच्या छिद्रावर आले आहे का? एक प्लग राहिला तरी मेनलाईनचे टोक उघडे राहिल्यासारखेच होते.

पुन्हा सुरू करताना

पंप बसविण्यापूर्वी त्यात ऑईल भरावे. कोरडा पंप ऑईल उचलीत नाही. मोजून ऑईल भरल्यावर डिझेल बंद करण्याची कळ ओढून धरावी आणि स्टार्टरने इंजिन दहा-दहा सेकंद फिरवावे. मध्ये अर्धा मिनिट थांबावे. काटा हलल्यावर आणि दिवा विझल्यावरच डिझेल सोडावे. पाच-सहा वेळा फिरवूनही काटा हलला नाही, तर इंजिन सुरू न करता पुन्हा तपासावे. सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे मंद चालवावे, सर्व जोड पाहावेत, आणि पूर्ण गरम झाल्यावरचा दाब डायरीत लिहावा. हा आकडा पुढे तुलनेसाठी उपयोगी पडतो.

नव्याने बांधलेल्या इंजिनाचे पहिले ऑईल साधारण ५० तासांनी बदलावे, नंतर पुस्तकाप्रमाणे. घरी बांधलेल्या गाडीला तास मोजण्याचे मीटर नसते, म्हणून रोज किती तास चालली याची नोंद ठेवावी. काढलेले जुने ऑईल नाल्यात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये. कॅनमध्ये साठवून ते परवानाधारक खरेदीदाराला द्यावे. ज्या जमिनीसाठी एवढी खटपट, तिच्यातच ते मुरवू नये.

शेवटी एवढेच सांगतो. खरिपापूर्वी बियाण्याची उगवणशक्ती आपण घरी तपासतो. तसाच मे महिन्यात एक दिवस काढून शिवारगाडी भार घालून अर्धा तास चालवावी आणि गरम इंजिनाचा दाब पाहावा. तो मागील वर्षीच्या आकड्यापेक्षा बराच उतरला असेल, तर पेरणीपूर्वी अजून वेळ हाताशी असतो. अडचण आल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील किंवा विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागातील तज्ज्ञांना आपली डायरी आणि उघडलेला फिल्टर घेऊन भेटावे. नुसते "दाब पडतो" असे सांगण्यापेक्षा तो कधी, कुठे आणि किती पडतो हे सांगितले, तर अर्धे काम तेथेच होते.